घडी न मोडलेल्या चादरी

पुंता अरेनासच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एल्सिरा बार्रिएंतोस गाठोडी सोडते.
एकवीस वर्षं.
हात लागताच तिला कळतं
कोणती चादर रात्रभर जागली,
कोणती ताप प्यायली,
आणि कोणती कुणाच्या अंगाखाली गेलीच नाही.

ही तिसरी तिला छळते.
घडी मोडलेली नाही, इस्त्रीची रेघ तशीच,
खुर्चीच्या पाठीवरून थेट मळक्या पिशवीत.
एकदा खोलीत शिरली की कपाटात परत नाही, हा नियम.
मग तिलाही तेच उकळतं पाणी, तोच सोडा,
न केलेल्या गुन्ह्याची पुरती शिक्षा.
धुऊन धुऊन विरते बिचारी,
कुणाला एकदाही न निजवता.

मार्चमध्ये तिनं वजनकाटा मागितला.
मासळीबाजारातला जुना मिळाला, थोडा खोटा.
खोटेपणा वजा करून ती वहीत लिहीत गेली:
शंभर किलोमागे सतरा, निव्वळ कोऱ्या.
वही घेऊन चौथ्या मजल्यावर गेली,
तिथं तिला विचारलं, कुणाला भेटायला आलात?

मग बैठक. मग आणखी एक.
मग सगळ्या वॉर्डांत एकच कागद:
खाली एक, वर एक, एक कांबळं.
आडवी चादर गरज असेल तरच.
ओली, मळकी, रक्ताची असेल तर लगेच बदला, विचारत बसू नका.
कोरडी असेल तर उद्याचा दिवस राहू द्या.
आणा लागेल तेवढंच.

परिचारिकांनी कागद वाचला.
कुणी काही बोललं नाही,
यावरूनच एल्सिरानं ओळखलं.

कपाटं उघडायचा दिवस आला.
ऑक्सिजनच्या नळकांड्यांमागे अकरा.
मोडक्या व्हीलचेअरवर, प्लॅस्टिकखाली, तीस.
नाताळच्या खोक्यात, कागदी ताऱ्यांच्या बुडाशी, चौदा अभ्रे.
छताची एक फळी सरकवली
तर वरून चादरीच कोसळल्या.
एकूण दोनशे सहा.
वरचे साहेब हसले. एल्सिरा हसली नाही.
चोरी म्हणावी, तर एकही कुणाच्या घरी गेली नव्हती.

रात्रपाळीची नेवेन्का ओयार्सून म्हणाली,
"रविवारी पहाटे तीनला तुझ्या खोलीला कुलूप असतं.
रोग्याला काय सांगू,
सोमवारपर्यंत कोरडा राहा?"

दुसऱ्या दिवशी कागदाखाली पेननं एक ओळ वाढली:
किल्ली जिन्यापाशी, खिळ्यावर.
ही ओळ कुठल्याच बैठकीत झाली नव्हती.

जूनमध्ये, दिवस सहा-सात तासांचा उरतो तेव्हा,
चौथं यंत्र शनिवारी बंद राहू लागलं.
मागच्या गल्लीत वाफेच्या नळाखाली झोपणारी कुत्री
शनिवारी येतात, वर बघतात,
थोडा वेळ थांबून
सामुद्रधुनीकडे निघून जातात.
त्यांचा हिशेब वहीत नाही.
एल्सिराच्या मनात आहे,
फाटक्या चादरींची एक पिशवी तिनं नळाखाली ठेवली,
वाऱ्यानं ती त्याच रात्री नेली.

बारा नंबरच्या खाटेवर डॉन रुपेर्तो.
पन्नास वर्षं मेंढ्या कातरल्या,
आता लोकर अंगाला सोसत नाही.
माणूस खाटेपेक्षा वीतभर लांब.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं त्याला कुणी शिकवलेलं नाही,
त्याचे पाय रात्रभर बाहेर,
टाचा भेगाळलेल्या, ओल्या दोराच्या रंगाच्या.
नेवेन्कानं खिळ्यावरची किल्ली काढली,
दुसरी चादर आणली,
पावलांभोवती गुंडाळली,
मुलाला दुपट्यात घ्यावं तशी.

नोंदवहीत लिहिलं: एक जास्त. कारण, पाय.

सकाळी एल्सिरानं ते वाचलं.
तपासून खूण केली.
गाठोड्यात ती चादर सापडली तेव्हा
टाचांच्या जागी दोन मळकट डाग होते,
आणि घडी
पुरती मोडलेली.