तोंडात मिसरी असताना

जिंतूरच्या प्रशिक्षणात सरांनी फळ्यावर
एक जिना काढला होता.
पहिल्या पायरीवर माणसाच्या मनातच काही नसतं,
दुसरीवर ते विचार करतं,
तिसरीवर तयारी, चौथीवर करून बघतं,
मग टिकवतं.
मी वहीत तो उतरवला, कठड्यासकट.
सरांनी कठडा काढला नव्हता.

गावात आले तर केवळाबाई
तव्यावर तंबाखू भाजत बसलेली.
भाकरीचा तवा वेगळा. हा काठाला चिरलेला,
मिसरीसाठीच ठेवलेला.
धुरानं गल्लीतली पोरं ठसकत होती.
मी पिशवीतून तक्ता काढला,
सडलेला जबडा, लालभडक, सुपाएवढा.
तिनं निरखून पाहिलं.
"कुणाचं गं माय हे लेकरू?
कुठल्या गावचं?"
मला गाव माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला तो जबडा
ज्वारीच्या कणगीवर पालथा.
"कागद चांगला जाड हाय," ती म्हणाली.

मी आकडे सांगितले. धाक घातला.
नांदेडच्या दवाखान्यातल्या खाटा मोजून दाखवल्या.
दर वेळी ती हो म्हणाली.
हो म्हटलं की समोरचं माणूस लवकर उठतं
हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.
माझ्या नोंदवहीत केवळाबाई
सहा महिने दुसऱ्या पायरीवर बसून होती.

मग एका लसीकरणाच्या दिवशी
उजाडायच्या आत निघाले
तर बोअरमागच्या ओट्यावर
सात जणी ओळीनं.
बोट दातांवर, नजर तुरीच्या रानावर,
कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
लांबून एकीच्या नवऱ्यानं चहासाठी हाक मारली.
तिनं नुसतं तोंडाकडे बोट केलं.
तो मुकाट माघारी गेला.

केवळाबाई थुंकली, चूळ भरली,
माझ्याकडं बघून हसली.
"तोंडात मिसरी असली की बोलता येत नाही, माय.
बोलता येत नाही म्हणून कुणी काम सांगत नाही.
दिसभरात एवढंच."

एवढंच.
मी म्हणत होते तंबाखू सोड.
तिला ऐकू जात होतं, ओटा सोड.

दुसऱ्या दिवशी तक्ता घरी ठेवला
आणि ओळीत आठवी जाऊन बसले.
बोटावर चिमूटभर मीठ.
सासूनं फोन केला, उचलला नाही,
तुरीवर एक होला येऊन बसला होता
आणि माझं तोंड कामात होतं.

यमुनाबाई एकदा डबी विसरली,
विसरलो हे तिला दुपारी कळलं.
शहनाज कडुलिंबाच्या काड्या आणू लागली, सगळ्यांपुरत्या.
दोघी-तिघी हसल्या आणि आपापली डबी उघडून बसल्या.
केवळाबाईनं अखाडात सोडली, पोळ्याला धरली,
पुन्हा सोडली.
दिवाळीच्या तोंडावर तिचा भाऊ गेला
आणि तवा परत चुलीवर चढला.
नोंदवहीत लिहायला हवं होतं, घसरली.
मी पेन काढलं, ठेवलं.
तिच्या शेजारी बसले, धुरात,
तिनं भावाचं लहानपण सांगितलं,
तोंडात मिसरी असून बोलत होती.

परवा गेले तर त्या तव्यात
कोंबड्यांना पाणी ठेवलेलं.
चिरेतून थोडं गळत होतं.
मी काही विचारलं नाही, तीही बोलली नाही.

तालुक्याच्या बैठकीत साहेब म्हणाले,
किती जणींनी सोडली?
तिघींनी, म्हटलं. एकीचं अजून सांगता येत नाही.
कशानं? तक्त्यानं?
व्हय साहेब, म्हटलं,
तक्ता फार कामाला आला.
औंदा कणगीत एक किडा नाही.