तिसरं घर

मालिम जेटी. बंदीचे दिवस.
जाळी ताडपत्रीखाली, ट्रॉलर नुसते एकमेकांना घासतायत.
‘सातेरीप्रसाद’च्या पोटात आम्ही दोघं :
मी बॅटरी धरून,
शाबलो मेस्त इंजिनावर पालथा.

पाच इंजेक्टर निघाले, दुधाचे दात पडावेत तसे.
तिसऱ्या घरातला हलेना.

रात्रभर त्याच्या बुडाशी रॉकेल मुरवलं.
सकाळी पाना लावून
केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे.
नाही.
ठोकून ओढला, तर आटेच गेले.
मी म्हटलं, खालून छिन्नी घालूया?
त्यानं पाहिलं असं
की मी त्याच्या आईवरून काही बोललो.
‘‘हेड फुटलं तर तुझा बापूस भरणार?’’

मग चहा. मग बराच वेळ काहीच नाही.
पलीकडे पणजीला कॅसिनोचे दिवे
भर दुपारी जळत होते.

एकदम उठला. उरलेले पाच परत बसवले,
तिसऱ्याच्या क्लॅम्पचे नट सैल केले,
दोनच फेरे,
आणि म्हणाला, मार स्टार्टर.

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं.
आतला दाब आतच मावेना,
अकरा वर्षांचा कोळसा फुटला
आणि तो आपण होऊन वर आला,
नखभर,
काळा, फुसफुसत.

शाबलो हसलाबिसला नाही.
चिंधीत धरून उपसला, बाजूला ठेवला,
भोकात डोकावला.
‘‘वायसर आतच राहिला.’’
‘‘चुंबक देऊ?’’
‘‘तांब्याला?’’

मी सायकलचा स्पोक शोधायला वर आलो.