दुसरं ‘थांबा’

तांपेरेत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
करवतयंत्राच्या नव्या पुस्तिकेसाठी
तुओवीला हवा आहे जुन्या फाइलमधला एकच परिच्छेद.
आख्खं प्रकरण नको,
त्यातले पट्टे, दाते, केव्हाच बंद पडलेलं मॉडेल,
काही नको.

ती मजकूर उचलत नाही. फक्त पत्ता लिहिते:
अमुक फाइल, अमुक टॅग, आयडी ‘हात-४’.
हे विरजण नव्हे, शेजारून आणलं की आपलं झालं;
दही त्याच घरात राहतं,
इथे नुसती वाटी.

बटण दाबल्यावर वाटी भरते:
“आधी वीज तोडा. थांबा.
पातं थांबलंय असं वाटेल. थांबा.”

वेइक्कोनं लिहिलेलं,
उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी.
त्याला जाऊन सहा हिवाळे झाले.

तपासणारा ओन्नी, नवा पोरगा, समासात लिहितो:
द्विरुक्ती. एक ‘थांबा’ काढावा.

काढायला काय,
तिथे एकदा पुसलं
की एकेचाळीस पुस्तिकांतून जाईल,
ब्राझीलला गेलेल्या यंत्राच्यासुद्धा.

तुओवी कॉफी ओतून घेते. शेरा मिटवते.
मग उगाच मूळ फाइल उघडते.
शेवटचा बदल: नऊ वर्षांपूर्वी, रात्री सव्वाअकरा.
बंद करते.