पुढच्या मोसमासाठी

बोडके सर म्हणाले, अक्षर तुझंच बरंय,
तूच लिही संघाला काय काय हवं ते.
म्हणून अंबडहून रात्रपाळी करून आल्यावर
झोपायच्या आधी बसलोय,
द्राक्षपेटीच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून.
वरची एक ओळ मोकळी सोडलीय.

दोन नंबर. डावखुरा पिचर.
झुबेरचा खांदा आता चौथ्या डावापुढे जात नाही.
तो सांगत नाही, चेंडू सांगतो.
पूर्वी हातात आला की टाळी वाजायची,
आता नुसती थाप पडते,
धीर द्यायला कुणी पाठीवर मारतं तशी.

शॉर्टस्टॉप आहे. म्हणजे जूनपर्यंत आहे.
यशोधन पगारची चाकणला मुलाखत झाली,
घरी बोलला नाही अजून.
मला सांगितलं सातपूरला, मिसळ खाता खाता,
रस्सा तिखट लागल्याचं निमित्त करून डोळे पुसत.
त्याच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं
आणि मग खोडलं.
नाव नाही, चिन्ह.

सेंटर फील्डला पळणारा कुणीही चालेल,
फक्त ऊन डोळ्यांत घ्यायची सवय हवी.
आणि ओरडायची.
जळगावला तो उंच उडालेला चेंडू
तिघांनी एकमेकांवर सोपवला,
आणि तो तिघांच्या मधोमध
न बोलावलेल्या पाहुण्यासारखा येऊन बसला.
सात-दोन. सातातले तीन तिथलेच.

चेंडू अकरा, धड आठ.
उसवलेले तीन रविवार कारंजावर
लोंढेकाकांकडे, चपलांच्या ढिगात.
पहिल्यांदा नेला तेव्हा त्यांनी नखाने टाके मोजले,
एकशे आठ भरले.
म्हणाले, हा तर जपाचा आहे, याला बडवता कशाला?
पैसे घेतले नाहीत.
दुसऱ्यांदा मात्र घेतले.

मैदान मेअखेरपर्यंत लग्नांना दिलंय.
गेल्या वर्षी होमप्लेटच्या जागी जिलबीची भट्टी होती,
जुलैपर्यंत मातीला तुपाचा वास,
आणि घसरत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या पँटला मुंग्या.
यंदा भट्टी निदान फाउल लाइनबाहेर लावा
असं अर्जात लिहायचं का, सरांना विचारणे.

आता वरची ओळ.

सरांना माहीत आहे.
जिना उतरताना मी कठडा धरतो ते त्यांनी पाहिलंय,
आणि त्यांनी पाहिलेलं मी पाहिलंय.
कॉलेज रोडच्या डॉक्टरने गुडघ्यांची फिल्म
खिडकीच्या उजेडावर धरली,
म्हणाला, उकिडवं बसणं बंद.
कायमचं? विचारलं मी.
तो म्हणाला, संडासदेखील कमोडचाच.
तेव्हा दोघंही हसलो होतो.

कॅचर पाहिजे.

लिहिलं. अक्षर बरं आलंय.

वयाची, उंचीची अट नको.
बाकी आठजण एका बाजूला तोंड करून उभे असतात,
याला एकट्याला मैदान उलटं दिसतं,
आठ चेहरे आणि त्यांच्यामागे पांडवलेण्यांचा डोंगर.
कुणाचं घरी बिनसलंय
हे बोटांची खूण करण्याआधी कळायला हवं.
झुबेर चिडला की चालत जावं त्याच्यापर्यंत,
पण खेळाचं काही बोलू नये,
त्याच्या कबुतरांची चौकशी करावी.
अंपायरचा श्वास मानेवर येतो.
पहिलं वर्ष किळस वाटते.
नंतर तो सुटीवर असला की चुकल्यासारखं होतं.

पॅड आहेत. ग्लोव्ह माझा द्या त्याला,
मुरायला सहा वर्षं लागलीत, नवा घेऊन पैसे घालवू नका.
मास्कचा पट्टा तेवढा बदलून घ्या.
जुना माझ्या डोक्याच्या मापाचा झालाय.