लाभाच्या आधी

कळमन्याच्या बाजारात बाबा संत्री मोजायचे :
लाभ, दोन, तीन…
पहिल्याला एक म्हणत नसत कधीच.

मी सहावीत. बोरकुटे बाईंनी शिकवलेलं :
एकापासून पुढे नैसर्गिक संख्या,
शून्य सोबत घेतलं की पूर्ण.

विचारलं, "बाबा, लाभाच्या आधी काय असते?"
"आधी काय राह्यते वं पोट्टे?
हात घातल्याबिगर मोजणं सुरू होत नाई."

दुपारी ढीग उठला.
शेवटच्या क्रेटमध्ये त्यांनी हात घातला,
चारही कोपरे चाचपले,
एक पान निघालं, तेवढंच.

मग वहीच्या शिल्लक रकान्यात,
जिथं रोज नुसती रेघ मारायचे,
पेन टेकवून थांबले जरा
आणि वाटोळं काढलं,
ओळीत मावेना
एवढं मोठं.