नेलपॉलिशचा ठिपका

गॅरी, इंडियाना. एकोणीसशे सदुसष्ट.
पोलाद कारखान्याच्या धुराखाली
मी घरोघरी टीव्ही दुरुस्त करत फिरायचो.
डिकीत व्हॅक्यूम ट्यूबांच्या पेट्या,
खिशात एक छोटा आरसा,
मागून स्क्रू फिरवताना पुढचं चित्र दिसावं म्हणून.

गुरुवारी रात्री आठला ‘सातवी कक्षा’.
यानावर चौदा माणसं, त्यांत आमची एकटीच:
लेफ्टनंट इमारा, ताऱ्यांचे नकाशे सांभाळणारी.
दर भागात तिला एक वाक्य,
काळ्या दगडावरची रेघ:
‘मार्ग मोकळा आहे, कप्तान.’
मग त्या मोकळ्या मार्गानं कप्तान जायचा
आणि उतरेल त्या ग्रहावर प्रेमात पडायचा.
राण्यांच्या, चेटकिणींच्या,
एकदा तर चक्क एका स्फटिकाच्या.
स्फटिकालासुद्धा विरह होता.
इमाराला नव्हता.

आणि एक गोष्ट आम्हा कारागिरांनाच ठाऊक:
संच यायचे ते गोऱ्या चेहऱ्याला जुळवूनच.
तिचा चेहरा मागच्या काळोखात बुडायचा,
वर तरंगायचे कानातले डूल, दात, गणवेशाची कॉलर.
म्हणून आमच्या वस्तीत पैसे घेण्याआधी
मी ब्राइटनेसचा कान किंचित पिळायचो.
कप्तान पिठाच्या डब्यात पडल्यासारखा व्हायचा,
पण तिच्या गालाचं हाड वर यायचं.
गिऱ्हाईक म्हणायचं, ‘लेमुएल, फिकट दिसतंय रे.’
‘ट्यूब नवी आहे,’ मी म्हणायचो, ‘बसेल हळूहळू.’

नोव्हेंबरात ओडेसा प्रूइटच्या घरी गेलो.
इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी,
हातांना ब्लीचचा वास.
चित्र सारखं वर सरकतंय, म्हणाली.
मी वाकलो. ब्राइटनेसच्या बटणाशेजारी
लाल नेलपॉलिशचा ठिपका.
माझ्या मापाहून केसभर इकडे नाही, तिकडे नाही.
‘हे काय?’
‘हा गुरुवार, आठ वाजता. बाकी दिवस भाऊ फुटबॉल बघतो,
तो फिरवून ठेवतो.’

पाच मिनिटांचं काम मी दीड तास पुरवलं.
ताकास तूर लागू देत नाही, असं मला वाटत होतं.
‘मिस्टर,’ ती म्हणाली,
‘चित्र त्या बाजूला आहे.
आरशात सारखी मी दिसतेय.’

फेब्रुवारीत इमारा नाचली.
यंत्रशाळेतल्या एका आमच्याच माणसाबरोबर, चाळीस सेकंद,
दोघांत हातभर अंतर राखून.
ओडेसाचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता.
आमच्या दोघांतही हातभरच अंतर होतं,
आणि मधे तिचा भाऊ.
साबणाच्या जाहिरातीनंतर तो माणूस मेला.
एका किरणानं. राखसुद्धा राहिली नाही.

रात्री जॅक्सनहून तिच्या बहिणीचा फोन:
मिसिसिपीत नाच दिसलाच नाही.
नेमकी तेवढ्यापुरती पाटी लागली, तांत्रिक बिघाड.
‘तुझ्या त्या मेकॅनिकला विचार गं, कसला बिघाड?’
एकवीस ट्यूबांचे एकवीस रोग मला तोंडपाठ होते.
हा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

ओडेसानं संच बंद केला.
पडद्याच्या मधोमध तो पांढरा ठिपका,
विझायला नेहमी वेळ लावणारा.
‘नकाशे तिच्याकडे आहेत,’ ती म्हणाली.
‘हे त्यांच्या लक्षातच आलेलं नाही.’
भाऊ घोरत होता.
ठिपका विझेपर्यंत तिनं माझा हात धरला,
आणि विझल्यावरही.

आता भाच्याकडे भिंतीएवढा पडदा आहे,
कुठेच कान नाही पिळायला.
एकाच यानावर आमची चार माणसं,
त्यांतली दोघं नवराबायको,
सबंध भागभर भांडत असतात.
भाचा म्हणतो, आत्या, कंटाळवाणं आहे, बदलू?
‘राहू दे,’ ओडेसा म्हणते, चष्मा पुसते.
‘भांडायला दोघं जिवंत लागतात.’
माझा हात उगाच पडद्याच्या कडेला जातो.