मौजे भांडुप, जुनी मोजणी

नकाशा कापडाचा, घडीघडीवर विरलेला.
साहेब म्हणाले, उलगडू नका, वाचा.
न उलगडता कसा वाचायचा
ते काही त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून आधी कडा वाचल्या.
उत्तरेस नाहूर, दक्षिणेस कांजूर,
पश्चिमेस डोंगर व गुरचरण,
पूर्वेस खाडी, आणि तिच्या अलीकडे
निळ्या शाईच्या चौकटी: मिठागरं.
एका चौकटीत बारीक अक्षरात 'सासूचा कोपरा'.
कुणाची सासू, ते नकाशात बसत नाही.

रजिस्टरात अंगठा आहे,
गोमा पोसू भोईर, डावा.
रेषांत पांढरं काही अडकलेलं वाटलं,
नखानं खरवडलं.
कागदच निघाला.

मग फेरफार.
खार जमीन, भात एक पीक.
भात नाही, पडीक.
भराव. बिनशेती. रंगाचा कारखाना.
मध्येच वारसांची नोंद: बाया, पोसू, नामा,
'आणि एक मुलगी, नाव माहीत नाही'.

आग्रा रोडला तेव्हा बैलगाड्याही चालत, ट्रकही.
कणकवलीचा दत्ताराम मेस्त्री आला,
त्यानं मेव्हण्याला आणलं,
मेव्हण्यानं अख्खी वाडी.
पालघाटचा कुंजप्पन पत्र्याखाली टायपिंग शिकवू लागला,
जौनपूरच्या रामसूरतनं तबेला घातला.
वस्ती दर पावसाळ्यानंतर चार घरं वर सरकायची,
पाणी मात्र खालीच राहिलं.
हंडे घेऊन चढणाऱ्या बायकांच्या टाचांनी
डोंगराला पायऱ्या पाडल्या.
त्या कुठल्याच नकाशात नाहीत.
मी स्वतः तीन नकाशे काढले, माझ्याही नाहीत.

नाल्याच्या रंगावरून वार कळायचा:
सोमवारी पिवळा, गुरुवारी तांबडा.
मुलं कागदाच्या होड्या बुडवून रंगवून घ्यायची.
भोंगा सातला, तीनला, अकराला.
टाळेबंदीनंतर तो वाजेनासा झाला
त्या आठवड्यात
डोंगरावर घराघरात भाकरी करपली.

आता काचेखाली बेचाळीस मजले,
स्पंजची झाडं, काडीएवढी माणसं.
टाय लावलेली मुलगी मला गिऱ्हाईक समजून म्हणाली,
'अठराव्याच्या वर खाडी दिसते, सर,
त्याचा दर वेगळा.'
गोमा भोईर त्या खाडीत गुडघाभर उभा असायचा,
फुकट नव्हे, मजुरीवर.

हद्दीचा दगड सापडेना.
यंत्रवाला पोरगा म्हणाला, उपग्रह सांगतोय, इथंच.
इथं पानाची टपरी होती.
टपरीवाल्यानं हात दाखवला ती गल्ली,
गल्लीच्या तोंडाशी नळ,
नळाखाली एक म्हातारी कपडे आपटत होती,
आणि साबणाच्या फेसाखाली, आडवा,
बाण कोरलेला दगड.

'सासऱ्यानी आणलेला,' ती म्हणाली.
'भरावात बुरत व्हता.
बगा, पन हलवू नका.
आसा गुलगुलीत दुसरा मिलाचा नाय.'

अहवालात रकाना एकच. दगड: आहे किंवा नाही.
मी लिहिलं, आहे. जागेवर नाही.
साहेबांनी दुसरं वाक्य खोडायला सांगितलं.
खोडलं. नोकरीची सात महिने राहिली होती.

पण त्या दिवशी, निघताना, मी विचारलं होतं तिला
त्या मुलीबद्दल, गोमाच्या.
तिनं पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं.
'माज्या सासऱ्याची भयीन ती.
मिठावर चालून टाचा फाटलेल्या तिच्या,
यवरा आयकलाय.
नाव...
थांबा. आठवल.'

पाणी जायची वेळ झाली होती.
ती बादल्या भरत राहिली.